झाकणाचं भोक

वीस मिनिटं.
घड्याळ लावून बघा, वीस मिनिटं चालतो,
मग एक उचकी, दुसरी उचकी,
आणि कापलेल्या गवताच्या मधोमध गप्प.

दिदो उतरतो. आजोबाला आमच्यात दिदो म्हणतात.
घाई नाही. टोपी मागे सारतो,
सास्कॅचवानात बघायला जे काही आहे
ते सगळं एका नजरेत बघून घेतो:
आभाळ, धान्याचं कोठार, आभाळ.
दहा मिनिटांनी बटण दाबतो. लगेच सुरू,
जणू काही झालंच नव्हतं.

कॉकशट, एकोणपन्नासचं मॉडेल,
माझ्या आईपेक्षा सोळा वर्षांनी थोरला.

पहिल्या दिवशी गाळणीची काचेची वाटी उघडली.
तळाशी चिमूटभर तांबूस गाळ. धुतली, लावली.
वीस मिनिटं.
दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर. जुन्या वर्तमानपत्रावर
जेट, फ्लोट, पितळी सुई मांडून बसला,
सुईचं टोक जिभेने तपासलं
(स्टेफ्का आत्याला सांगू नका).
तिसऱ्या दिवशी मिरोस्लाव आला पलीकडच्या शेतावरून,
त्याला कुठल्याही दुखण्यात कॉईलच सापडते.
"तापली की मरते," म्हणाला.
नवी कॉईल. चाळीस डॉलर.
वीस मिनिटं.

चौथ्या सकाळी स्वयंपाकघरात
आत्याने आटवलेल्या दुधाच्या डब्याला भोक पाडलं,
कॉफीवर डबा तिरका धरला.
एक धार, मग दोरा, मग थेंब, मग काहीच नाही.
गप्पा न थांबवता, न बघता
तिने डब्याच्या पलीकडच्या कडेला दुसरं भोक ठोकलं.
दिदो त्या डब्याकडे बघत राहिला.
कप ठेवला. भरलेला.
दार उघडं टाकून गेला.

मी मागे धावले.
विसावं मिनिट. उचकी. उचकी. गप्प.
या वेळी त्याने वाटी उघडली नाही, काही सोडवलं नाही.
टाकीवर कान टेकला,
आणि झाकण पाव आटा फिरवलं.

सुस्स.

बाहेर नाही. आत.
कुणीतरी खूप वेळ पाण्याखाली राहून
वर आल्यावर घेतं, तसा.

पेट्रोल खाली उतरत जातं, वर पोकळी उरते,
तिच्यात शिरायला हवेला वाट नसली
तर पोकळीच पेट्रोलला धरून ठेवते.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
इथे नाक दाबलेलं होतं
आणि तोंड मिटलेलं.

झाकण रुमालावर उलटं केलं.
मधोमध, जिथे टाचणीएवढं भोक असायचं,
तिथे लाल.
गुळगुळीत, चकचकीत, तीन हातांचा लाल.

रंग मी दिला होता.
एप्रिलमध्ये, तो इस्पितळात असताना,
घरी येईल तेव्हा नवा दिसावा म्हणून.
पत्रा घासला, अक्षरांवर पट्ट्या चिकटवल्या,
आणि झाकण तर वेगळं काढून, हातात धरून,
आतून-बाहेरून, एक कणही सुटू दिला नाही.
सगळ्यात जास्त जीव त्या झाकणात ओतला होता.

त्याने खिशातून मँडोलिनची तुटकी तार काढली.
टोचली, फिरवली. नखावर लाल टिकली आली.
फुंकर मारली, झाकण आभाळाकडे धरलं, एक डोळा मिटला.
मला वाटलं आता बोलेल.
"रंग चांगला बसलाय," म्हणाला. "हट्टी आहे."
आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

बांधापर्यंत गेलो, वळलो, परत आलो.
दुसरी फेरी, तिसरी. दाताळं गवत ओढत होतं,
दिदो मडगार्डवर बसून कॉफी राहिली म्हणत होता.

आता ऑगस्ट.
भोकाभोवती गंजाचं एक कडं आलंय, मोहरीएवढं.
रंगाचा डबा फळीवर आहे, अर्धा उरलेला,
ब्रशही धुऊन ठेवलाय.
गावच्या मिरवणुकीत लोक जवळ येतात, म्हणतात,
बाकी सगळं झकास, तेवढं झाकण तेवढं राहिलं.
राहू दे म्हणते.